हिरडीखालचे विष

दात ठणकू लागला म्हणजे माणूस दवाखाना गाठतो. हिरडीतून रक्त आले तर चूळ भरतो आणि दुकान उघडावयास जातो. आपल्या पेठेतील बहुतेक बंधूंची रीत हीच आहे. धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य घालविलेल्या आणि शालान्त परीक्षेपलीकडे शिक्षण न झालेल्या माझ्यासारख्याने वैद्यकाच्या विषयावर लेखणी उचलावी, याचे काही सभासदांस नवल वाटेल. परंतु गेली काही वर्षे या विषयावर जे हाती लागेल ते मी वाचीत आलो आहे, आणि त्यास कारण आमच्या पेढीवरचे दिवाणजी होत. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे खालचे पुढचे दात हलू लागले, आणि वर्षभरात चार दात एकेक करून हातात आले. एकही किडलेला नव्हता. एकदाही ठणका लागला नव्हता. दात मुळापर्यंत अखंड, आणि तरीही हिरडीने सोडून दिलेले! शहरातील एका दवाखान्यात त्यांस ‘वयोमानाने असे व्हावयाचेच’ एवढे सांगून वाटेस लावण्यात आले होते. अठ्ठेचाळीस हे काही दात गळावयाचे वय नव्हे, आणि वय हे या रोगाचे कारणही नव्हे. ते कारण काय, हे जसे मला उमगले तसे येथे मांडीत आहे.

या रोगास आपण पायोरिया म्हणतो. दंतवैद्य त्यास परिदंत रोग म्हणतात, म्हणजे दाताच्या सभोवतालच्या भागाचा रोग. तो समजण्यासाठी प्रथम दात उभा कसा राहतो ते पाहिले पाहिजे. भिंतीत खुंटी ठोकावी तसा दात हाडात ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याच्या हाडातील खोबण यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जागा असते, आणि त्या जागेत कोलॅजेन नावाच्या चिवट द्रव्याचे असंख्य तंतू दाताला हाडाशी बांधून ठेवतात. दात त्या तंतूंवर जणू टांगलेला असतो. म्हणूनच भाजलेला हरभरा कडकन फुटला तरी त्याचा दणका हाडास बसत नाही. वरच्या बाजूस हिरडी कॉलरसारखी दातास वेढून असते. निरोगी मुखातही हिरडीची कड आणि दात यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटर खोलीची बारीकशी खाच असते. सारे रामायण या खाचेत घडते.

या खाचेच्या तोंडाशी दातावर जो पांढुरका, चिकट लेप बसतो, तो अन्नाचा चोथा आहे असा आपला समज असतो. वास्तविक तो बहुतांशी जिवंत जंतूंचा असतो. ओल्या लेपाच्या एका ग्रॅमात सुमारे दहा हजार कोटी जंतू असतात, आणि माणसांच्या मुखात आजवर ७०० हून अधिक जातींचे जंतू आढळले आहेत. ही वस्ती प्रथम ज्याच्या दृष्टीस पडली तो ना डॉक्टर होता ना पंडित. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा तो एक कापडाचा व्यापारी होता, हे वाचून मला विशेष समाधान वाटले. अंतोनी व्हान लेव्हेनहूक त्याचे नाव. कापडाचे धागे भिंगाखाली पाहण्याचा रिवाज त्या धंद्यात होताच. या गृहस्थाने पुढे स्वतःच्या हातांनी भिंगे घासून त्यांतून पाणी, रक्त, जे दिसेल ते पाहण्याचा सपाटा लावला. १६८३ च्या सप्टेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीस पाठविलेल्या पत्रात त्याने आपल्या दातांवरील लेपात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिल्याचे कळविले. तो रोज सकाळी मिठाने दात घासणारा, जेवणानंतर दातकोरण्याने फटी साफ करणारा मनुष्य होता, तरीही हे दिसले. मग कधीच दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातील लेप त्याने पाहिला. तेथे तर त्या जीवांची गर्दी उसळली होती.

त्याच पत्रातील एक गोष्ट अजूनही उपयोगाची आहे. लेव्हेनहूकने कडक व्हिनेगर तोंडात धरून गुळण्या केल्या आणि पुन्हा लेप काढून पाहिला, तर जीव पूर्वीसारखेच जिवंत. लेप दातावरून काढून व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात घातला, तेव्हा मात्र ते तात्काळ मेले. म्हणजे औषधात दम होता, पण ते लेपाच्या आत पोहोचत नव्हते. तीनशे चाळीस वर्षे उलटली तरी बाजारातील रंगीबेरंगी गुळण्यांच्या बाटल्यांस हीच अडचण आहे. पोत्यांच्या थप्पीवर वरून औषध फवारले तर वरचे किडे मरतात, मधल्या पोत्यांतील सोंडे सुखरूप राहतात, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

लेप साचला म्हणजे हिरडी खरोखर आजारी पडते की आजारी हिरडीवर लेप साचतो, हा वाद पुष्कळ काळ चालला होता. तो मिटविला डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात बारा निरोगी माणसांनी, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते, दात घासणे पूर्णपणे बंद केले. कोणाच्या दहा दिवसांत, कोणाच्या एकवीस दिवसांत, पण बाराही जणांच्या हिरड्या लाल होऊन सुजल्या. पुन्हा घासणे सुरू करताच आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. वयाचा, नशिबाचा, पोटातील उष्णतेचा येथे संबंध आला नाही. या पहिल्या पायरीवर रोग संपूर्णपणे परतवता येतो, ही या प्रयोगाची मोठी देणगी होय. हाड झिजू लागल्यानंतर मात्र तसे राहत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. जंतू हिरडीला चावत नाहीत. त्यांस दातही नाहीत. मग ऊती नासते कशाने? उत्तर आहे विषाने, आणि ही विषे एका जातीची नाहीत.

पहिले अंतर्विष. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणाऱ्या रिचर्ड फायफर यांना १८९२ च्या सुमारास असे आढळले की, उष्णतेने मारलेले पटकीचे जंतूसुद्धा गिनीपिगच्या शरीरात टोचले असता तो प्राणी मरतो. जंतू मेला, पण त्याच्या देहात असलेले विष शिल्लक राहिले. त्यास त्यांनी अंतर्विष असे नाव दिले. पुढे कळले की हे विष म्हणजे विशिष्ट वर्गातील जंतूंच्या बाह्य कवचाचाच एक घटक आहे. चरबी आणि शर्करा यांच्या जोडणीने तो बनलेला असतो. हिरडीच्या खाचेत खोलवर, जेथे हवा पोहोचत नाही तेथे, याच वर्गातील जंतूंची दाटी होते. जंतू वाढताना कवचाचे कण झडतात, मरताना तर सगळेच मोकळे होते, आणि हे कण हिरडीच्या पातळ अस्तरातून आत झिरपतात. आपल्या पेशींवर या विषाची ओळख पटविणारा एक खास पहारेकरी असतो. तो कोणता हे १९९८ साली ब्रूस ब्यूटलर यांनी शोधून काढले आणि २०११ साली त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पहारेकऱ्याने घंटा वाजविली की सूज येते, रक्तवाहिन्या फुगतात, ब्रश लागताच रक्त येते.

दुसरे विष अधिक कावेबाज आहे. पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस असे लांबलचक नाव असलेला एक जंतू या रोगात वारंवार सापडतो. जिंजिपेन नावाची विकरे तो बाहेर सोडतो. विकर म्हणजे द्रव्यांचे तुकडे करणारी कात्री म्हणावी. ही कात्री हिरडीतील प्रथिने कापते, रोगप्रतिकारासाठी धावून आलेली प्रतिद्रव्ये कापते, आणि रक्त गोठविणारे प्रथिनही कापते, त्यामुळे जखम वाहतीच राहते. यात जंतूचा स्वार्थ असतो. त्याला रक्तातील लोहयुक्त द्रव्य हवे असते. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या खाद्यावर त्यास वाढविले तर त्याच्या वसाहती त्या द्रव्याने काळ्या पडतात. रक्त येणारी हिरडी म्हणजे त्याच्यासाठी उघडे कोठार. वास्तविक हिरडीतून रक्त येते म्हणून ब्रश हळू मारणारे, किंवा त्या जागी मारावयाचेच टाळणारे लोक मी पुष्कळ पाहतो. ते कोठाराचे दार उघडे ठेवून राखणदारास रजा देतात.

येथे थोडे विषयांतर करतो. दात किडविणाऱ्या जंतूंस साखर लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. हिरडीखालच्या या जंतूचे पोट साखरेवर चालत नाही. प्रथिनांच्या तुकड्यांवर आणि हिरडीतून पाझरणाऱ्या स्रावावर चालते. म्हणून सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या, गोड न खाणाऱ्या, महिन्यातून अनेक उपवास करणाऱ्या आपल्या घरांतूनही पायोरिया आढळतो. आपल्या उपवासाच्या दिवशी त्यांचा उपवास नसतो. चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळचे जेवण होताच, सूर्यास्तापूर्वी, ब्रश करून घेतला तर नियमासही बाध येत नाही आणि रात्रभर लेप वाढावयासही कमी वाव राहतो. दीर्घ उपवासात काय करावे हा ज्याच्या त्याच्या नियमाचा व गुरूंचा प्रश्न आहे. त्यात मी पडत नाही.

तिसरे विष थेट शिपायांवर चालून जाते. ॲग्रिगेटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स (हे नाव उच्चारावयास मला आठवडा लागला) नावाचा जंतू एक बहिर्विष सोडतो, ते रक्तातील पांढऱ्या पेशींस छिद्रे पाडून मारते. याचे एक वाण असे आहे की त्यात हे विष फार मोठ्या प्रमाणावर तयार होते. मोरोक्कोतील शाळकरी मुलांवर दोन वर्षे लक्ष ठेवून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ हे वाण तोंडात असलेल्या मुलांस दाताचे बंध तुटण्याचा धोका, हा जंतू मुळीच नसलेल्या मुलांच्या १८ पट आढळला. म्हणजे हा रोग केवळ म्हाताऱ्यांचा नव्हे. याशिवाय प्रथिने कुजवून निघणारे हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू आणि ब्युटिरिक आम्ल हीही अस्तराच्या पेशींस घातक असतात. सकाळी तोंडाला येणारी जी दुर्गंधी आपण पोट साफ नसण्यावर ढकलतो, ती पुष्कळदा याच वायूंची असते.

इतके सांगितल्यावर वाचकांस वाटेल की हाड जंतूंच्या विषानेच विरघळते. शास्त्रज्ञांचे मत तसे नाही, आणि हा भाग मला सर्वांत विचार करावयास लावणारा वाटला. गुदामाला आग लागली असता पुष्कळ वेळा आगीने जळालेल्या मालापेक्षा बंबाच्या पाण्याने भिजून नासलेला माल अधिक भरतो. हिरडीत तसेच घडते. विषाची वर्दी मिळताच पांढऱ्या पेशी धावून येतात आणि लढताना कोलॅजेन तोडणारी स्वतःची विकरे सोडतात. त्याबरोबर शरीर जी संदेशद्रव्ये स्रवते, त्यांच्या योगाने हाड पोखरणाऱ्या पेशी जाग्या होतात. शरीर जणू शत्रूपासून चार पावले मागे सरावयाचे ठरविते, आणि हाड आक्रसून घेते. तंतू तुटतात, खाच खोल होऊन तिचा कप्पा बनतो. चार, पाच, सात मिलिमीटर! कप्पा जितका खोल तितकी हवा कमी, आणि हवा जितकी कमी तितके हे विषारी जंतू सुखी. ब्रशचे केस तेथवर जात नाहीत. वर लाळेतील क्षार बसून लेपाचे दगडासारखे किटण होते आणि त्याच्या खरखरीत पाठीवर नवा लेप बसतो. दुखत काहीच नाही.

सर्वांस मात्र हा रोग सारखा होत नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत मिळाला. ल्यो यांनीच १९७० साली तेथील ४८० तामिळ मजुरांची तपासणी सुरू केली आणि पंधरा वर्षे ती चालू ठेवली. निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. या पुरुषांस दात घासण्याची सवय नव्हती, दंतवैद्य त्यांनी पाहिला नव्हता. दातांची कीड त्यांच्यात जवळजवळ नव्हतीच. लेप, किटण आणि सुजलेल्या हिरड्या मात्र सर्वांस होत्या. तरीही शंभरातील अकरा जणांचे हाड शाबूत राहिले, एक्याऐंशी जणांचे मध्यम गतीने झिजले, आणि आठ जणांचे इतक्या वेगाने की पस्तिशीत बारा दात गेलेले, चाळिशीत वीस, आणि पंचेचाळिशीत तोंडाचे बोळके. माल एकच, साठवण एकच, पण शंभरातील आठ पोती इतरांच्या आधी फुकट गेली. प्रत्येकाचे शरीर विषास किती आक्रस्ताळे उत्तर देते यावर पुष्कळसे अवलंबून असते. ‘माझ्या आजोबांनी कधी ब्रश धरला नाही, तरी ऐंशीव्या वर्षी ऊस सोलीत’ असे सांगणारे बंधू खोटे बोलत नाहीत; त्यांचे आजोबा त्या अकरांपैकी असावेत. आपण कोणत्या गटातले हे आधी कळण्याची सोय नाही.

दोन गोष्टींनी पारडे वाईट बाजूस झुकते हे निश्चित. एक मधुमेह. रक्तातील साखर काबूत नसली म्हणजे हिरडीची सूज भडकते, आणि हिरडीची जुनाट सूज उलट साखर वाढविते. हिरड्यांवर नीट उपचार केले असता तीन-चार महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारा आकडा सुमारे ०.४ ने उतरतो, असे अनेक अभ्यास एकत्र पाहून आढळले आहे. गादीवर बसून दिवस काढणाऱ्या आपल्या वर्गात मधुमेह किती आहे, हे कोणत्याही लग्नाच्या पंगतीत चहाची फर्माईश ऐकली की समजते.

दुसरी गोष्ट तंबाखू. येथे मला थोडे स्पष्ट लिहावे लागते, कारण निपाणीची तंबाखूची पेठ आपल्याच बेळगाव जिल्ह्यात आहे, आणि आपल्यांपैकी काहींचे नातेसंबंध व व्यवहार त्या पेठेशी आहेत. तंबाखूने हिरडीतील रक्तप्रवाह आकसतो. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून म्हणूनच रक्त कमी येते. रोग आत चालू असतो आणि सूचना देणारी खूण तेवढी पुसलेली असते. आपल्याकडील मशेरीचे प्रकरण तर याहून वाईट. आमच्या गुदामात धान्य पाखडावयास व निवडावयास येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणींच्या कनवटीला मशेरीची डबी असते. भाजलेल्या तंबाखूची ती पूड. दात घासावयाचे निमित्त, आणि तलफ खरी. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूस कोण अडविणार? त्या बायकांस ‘सोडा’ म्हणून सांगितले की त्या हसतात. ‘शेठ, मशेरी नाही लावली तर दात दुखतात,’ हे त्यांचे उत्तर. दुखणे थांबते हेही खरे असावे; बधिरतेला त्या आरोग्य समजतात. त्यांच्या मुलाबाळांसमोर कोणी डॉक्टरबाईने हे बोलावे, मालकाने बोलून भागत नाही.

उपचाराविषयी जे गैरसमज आहेत त्यांतील एक फार नुकसान करतो. ‘दात साफ करून घेतले की ते हलू लागतात’, हे वाक्य मी आपल्या समाजात शेकडो वेळा ऐकले आहे. ज्या दातास हाड उरलेले नसते तो किटणाच्या ढिगाने शेजाऱ्यांशी चिकटून उभा असतो. किटण काढले की खरी स्थिती उघडी पडते, सूज उतरून हिरडी आक्रसते, फटी दिसू लागतात, थंड पाणी काही दिवस झोंबते. डॉक्टरने दात सैल केले नाहीत. सैल झालेले दात दाखविले. गोळ्या घेऊन हा रोग जाईल ही आशाही व्यर्थ आहे. फायफर यांचा प्रयोग आठवावा: मेलेल्या जंतूतही विष असते. लेप व किटण हातांनी खरवडून बाहेर काढल्यावाचून गत्यंतर नाही, आणि काही निवडक रुग्णांत औषध द्यावयाचे ते त्याच्या जोडीला. पूर्वी असे समजत की अंतर्विष मुळाच्या आत खोल भिनते, म्हणून मुळाचा थरच्या थर तासून काढीत. १९८० च्या दशकातील प्रयोगांत ते विष मुळाच्या पृष्ठभागावर अगदी सैलपणे बसलेले असते असे दिसून आले. त्यामुळे आता तासणे पुष्कळ सौम्य झाले आहे, आणि भीतीचे कारण तितकेच कमी.

घरी करावयाचे म्हणजे ब्रशचे केस हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरपे धरून हलके फिरविणे, आणि दातांमधील फटींसाठी असलेला बारीक ब्रश किंवा धागा रोज एकदा वापरणे. बाभळीची वा कडुलिंबाची काडी दाताची बाहेरची बाजू चांगली घासते. दोन दाढांच्या मधल्या फटीत तिचा शिरकाव होत नाही, आणि रोगाची सुरुवात पुष्कळदा तेथेच होते.

कार्यकारिणीस एक विनंती करतो. दंतचिकित्सा शिबिरे ठिकठिकाणी भरतात; सडलेले दात काढले जातात, मंजनाच्या पुड्या वाटल्या जातात, छायाचित्र निघते. यांत हिरडीची खोली क्वचितच मोजली जाते. पोत्याचा वरचा दाणा पाहून आपण कधी सौदा करीत नाही; लोखंडी सळई खुपसून आतला दाणा बाहेर काढतो. दंतवैद्याजवळही तशीच मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई असते. ती प्रत्येक दाताशी हलके फिरवून मुखाची पहिली चाचणी दोन-चार मिनिटांत होते, भूल लागत नाही. पुढील शिबिरात पस्तिशी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाची, आणि गुदामातील हमाल व निवडणाऱ्या बायकांचीही, ही मोजणी व्हावी.

ज्यांच्या खाचा चार मिलिमीटर वा अधिक निघतील त्यांनी संपूर्ण मोजणी व क्ष-किरण चित्र करून घ्यावे, उपचारानंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे, आणि पुढे बहुधा तीन-चार महिन्यांच्या अंतराने जावे. कारण साफ केलेल्या कप्प्यात तेच जंतू तितक्या अवधीत पुन्हा वस्ती करू लागतात. आकड्यांची नोंद डॉक्टरांकडून मागून घ्यावी. दुसऱ्या खेपेचा कागद पहिल्याशेजारी ठेवला की कोणती खाच सातावरून चारावर आली आणि कोणत्या दाढेशी अजून सहा शिल्लक आहेत, हे खातेवही वाचणाऱ्या कोणासही स्वतः पाहता येते.